अकरा दिवस, तीन गावं आणि एक बुडालेली शिफ्ट

ताई, मी ३० वर्षांचा, इंदूरला लोकमान्य नगरात आई-बाबांबरोबर राहतो. बेंगळुरूच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो, पूर्णपणे घरून. क्लायंट न्यूयॉर्कचा आहे, त्यामुळे माझी शिफ्ट संध्याकाळी सुरू होते आणि रात्री तीनच्या सुमारास संपते. काम घरूनच आहे तर फिरत फिरत का करू नये, असं वाटून डिसेंबरात ११ दिवसांत उदयपूर, जोधपूर आणि जैसलमेर केलं. धड फिरणं झालं नाही, धड काम झालं नाही. जैसलमेरजवळच्या समच्या वाळूत, तंबूत रेंजच नव्हती, एक अख्खी शिफ्ट बुडाली. मार्चमध्ये पुण्याला आत्याकडे पंधरवडाभर राहून काम केलं, ते त्याहून वाईट. अमेरिकेचं घड्याळ बदललंय हे तिथल्या गडबडीत विसरलो आणि साडेसातच्या मीटिंगला बसलो तेव्हा ती संपली होती. मॅनेजरने विचारलं, 'तू नक्की असतोस कुठे?' मी 'घरीच' म्हणालो. आता जूनपासून दोन महिने मनाली, स्पीती, लेह, ऋषिकेश, बनारस आणि शेवटी गोवा असा बेत आहे. जमलं तर पुढच्या वर्षी थायलंड. आई म्हणते, काम सोडून उंडारतोय. प्रवासात काम नीट व्हावं म्हणून वेळापत्रक कसं लावू? कोणती ॲप वापरू? आणि आईला काय सांगू?
– लॅपटॉपवाला, इंदूर

लॅपटॉपवाल्या,

पायाला भिंगरी असणं हा काही आजार नाही, तेव्हा 'गप घरी बस' असं मी सांगणार नाही. पण तुझा डिसेंबरचा प्रवास एकदा कागदावर मांडून बघ. इंदूर ते उदयपूर, उदयपूर ते जोधपूर, जोधपूर ते जैसलमेर आणि तिथून परत घर. अकरा दिवसांत चार वेळा बॅग भरली. उदयपूर-जोधपूर अडीचशे किलोमीटर, जोधपूर-जैसलमेर त्याहून थोडं जास्त, म्हणजे रस्त्याने प्रत्येकी पाच-सहा तास. हे तास तू मोजले असशील. न मोजलेले कितीतरी असतात. रात्री तीनला काम संपवून झोपलेल्या माणसाला दहा-अकराला खोली सोडायची असते. नव्या ठिकाणी वायफायचा पासवर्ड मागा, प्लग कुठे आहे ते शोधा, खुर्ची बुटकी म्हणून उशी घ्या, रात्री जेवण कुठे मिळेल ते विचारा. यात दीड-दोन दिवस सहज जातात. असं चार वेळा झालं, तर अकरातले उरले किती?

म्हणून वेळापत्रक सांगण्याआधी तुझ्या यादीला कात्री लावते. दोन महिन्यांत सहा ठिकाणं नाहीत, फार तर तीन. एका जागी किमान तीन आठवडे. दर आठ दिवसांनी गाव बदलून काम नीट करणारी माणसं असतीलही, पण त्यांचं काम बहुधा सकाळी दहा ते सहा असतं. तुझं तसं नाही, आणि इथेच तुझी खरी गोम आहे.

प्रवास करत काम करणाऱ्यांना सगळे एकच सल्ला देतात: रात्रीची गाडी पकड, झोपेत प्रवास होतो, दिवस वाचतो. तुझ्यासाठी हा सल्ला उलटा आहे. रात्र म्हणजे तुझं ऑफिस. कामाच्या दिवशी अवंतिका एक्स्प्रेसमध्ये किंवा स्लीपर बसमध्ये बसलास की तू तुझ्या ऑफिसच्या वेळेतच प्रवास करतोस, आणि रेल्वेच्या डब्यात हॉटस्पॉटवर काम होईल या भ्रमात राहू नकोस. दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात नेट जातं आणि नेमका त्याच वेळी क्लायंट स्क्रीन शेअर करायला सांगतो.

आता दुसरी बाजू बघ. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. आठ तास धरले तर शुक्रवारची शिफ्ट शनिवारी पहाटे अडीचला संपते आणि पुढची सोमवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. मधे ६४ तास आहेत. दहा ते सहा काम करणाऱ्याला शनिवार-रविवार मिळतात, तुला वर सोमवारची दुपारही मिळते. गाव बदलायचं ते याच ६४ तासांत. शनिवारी पोटभर झोप, संध्याकाळी निवांत बॅग भर आणि रात्रीची गाडी घे, त्या रात्री तुला कुणी शोधणार नाही. रविवारी पोचशील. सोमवारी दुपारपर्यंत टेबल, नेट, चहावाला सगळं मार्गी लागलेलं असेल. मंगळवारी किंवा बुधवारी हलायचं नाही, मग तिकीट कितीही स्वस्त मिळो. आणि रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आठवड्यात तर शनिवारीही नाही, कारण तुमच्याकडे रिलीजनंतरचा शनिवार खरोखर मोकळा असतो का, ते तुलाच माहीत.

मार्चमधला घोळही इथेच निस्तरू. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. त्यामुळे हिवाळ्यात जी मीटिंग आपल्याकडे साडेसातला असते, ती मार्चपासून साडेसहाला. ऑफिसच्या कॅलेंडरला हे आपोआप कळतं, फोनमध्ये स्वतः लावलेल्या गजराला कळत नाही. गजर काढून टाक आणि कॅलेंडरचीच सूचना चालू ठेव. पुढे कधी लंडनचा क्लायंट आला तर त्यांच्या तारखा वेगळ्या, मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.

आता आत्या. या विषयावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे निम्म्या मुलांचं बाहेरगावहून काम म्हणजे नातेवाइकांकडे मुक्काम असतो. भाडं वाचतं, घरचं जेवण मिळतं, आईही खूश. पण तिथे काय झालं असेल ते तू लिहिलं नाहीस तरी मला दिसतंय. बैठकीच्या खोलीत सोफा-कम-बेडवर तू. साडेसहाला मीटिंग सुरू आणि त्याच वेळी आत्याची मालिका. आवाज कमी करते म्हणाली, दोन घरं कमी केला. साडेआठला 'अरे नुसतं ऐकायचंच असेल तर ऐकता ऐकता दोन घास खाऊन घे, पोळ्या गार होतायत.' दहाला काका झोपणार, त्यांची खोली पलीकडेच, म्हणून तू कुजबुजत बोलणार आणि तिकडचा माणूस तीनतीनदा विचारणार, ऐकू येत नाही. अडीचला झोपलास की सहाला मिक्सर. सकाळी नऊला आत्या प्रेमाने उठवणार, 'अजून झोपलायस? तब्येत बरी आहे ना?' यात आत्याचं काहीच चुकलं नाही. तिच्या लेखी भाचा पाहुणा आहे आणि पाहुण्याचं ऑफिस नसतं. पुण्यात राहायचंच असेल तर जवळपास एखादी खोली महिन्याच्या भाड्याने घे आणि रविवारी दुपारी आत्याकडे जेवायला जा. तिलाही आवडेल, तुलाही वरणभात गोड लागेल.

खोली घेताना फोटोंवर जाऊ नकोस. बाल्कनीतून दिसणाऱ्या डोंगराचा फोटो सगळेच टाकतात, टेबलाचा कुणी टाकत नाही. मागून घे. सरळ पाठीची खुर्ची आणि कोपर टेकेल एवढं टेबल नसेल तर पुढचं बोलूच नकोस, गादीवर बसून आठ तास काम केलेल्या पाठीचं काय होतं ते तुला डिसेंबरात कळलं असेल. मग मालकाला सांग, रात्री नऊ वाजता वायफायची स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवा. वेळ महत्त्वाची आहे. दुपारी रिकाम्या हॉटेलात नेट पळतंच, रात्री नऊला प्रत्येक खोलीत कुणीतरी मॅच नाहीतर वेब सिरीज बघत असतं आणि तुझी शिफ्ट नेमकी तेव्हाच भरात असते. स्क्रीनशॉटमध्ये डाउनलोडचा आकडा मोठा दिसेल, तू अपलोडचा बघ. मीटिंगमध्ये तुझा आवाज आणि स्क्रीन पलीकडे जाते ती अपलोडवर.

वीज गेल्यावर राउटर चालू राहतो का, हेही विचार. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. बारीकशी वीज गेली तरी नेट बंद. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो बॅगेत राहिला तर बरं. बरोबर पाच-सात मीटरची लॅन केबलही ठेव, कोपऱ्यातल्या खोलीत वायफाय पोचत नाही तेव्हा तीच कामाला येते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम हवीतच, पण पूर्ण शिफ्ट मोबाइल डेटावर ढकलायचा विचार करू नकोस. व्हिडिओ कॉलला तासाला एक जीबीच्या आसपास लागतो, म्हणजे दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपतो. विमानाने जाणार असशील तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनच्या सामानात टाकायला बंदी आहे. १०० वॉट-तासांपर्यंतची वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते, ती चालेल.

रात्रीच्या शिफ्टवाल्याने आणखी दोन गोष्टी विचारायच्या, ज्या इतरांना सुचणारही नाहीत. सकाळी नऊला खोली झाडायला येणारा माणूस दार वाजवणार का? वाजवणार असेल तर साफसफाई दुपारी एकनंतर ठरवून घे. आणि रात्री दहानंतर खायला काय मिळेल? इंदुरात वाढलेल्या मुलाला हा प्रश्न पडत नाही, कारण आपल्याकडे मध्यरात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेलं तरी भुट्ट्याचा कीस आणि गराडू हजर असतात. बाकीचं जग साडेनऊला शटर ओढतं. खोलीत इलेक्ट्रिक किटली, पोहे-रव्याची पाकिटं, जिरावण आणि शेवेची पिशवी एवढं असलं की भागतं. भूक लागली की डोकं चालत नाही, हे मी काही नवं सांगत नाही.

मॅनेजरला 'घरीच' म्हणालास, ते मला खटकलं. आणि ते फार दिवस टिकणारंही नाही, कारण लॉगिन कुठून झालं ते कंपनीच्या आयटीवाल्यांना सहसा दिसतं. कुणाला तरी दिसेल, मग चौकशी होईल आणि तुझं चांगलं झालेलं कामही संशयात सापडेल. कंपनीचे नियम काढून वाच. देशात कुठूनही काम चालतं की ठरलेल्या पत्त्यावरूनच, ते त्यात असतं. चालत असेल तर मॅनेजरला दोन ओळींची मेल टाक: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक गावात आहे, शिफ्ट तीच, फोन तोच. डिसेंबरबद्दल पाल्हाळ नको, पण विचारलं तर खरं सांग.

मॅनेजर 'कुठे असतोस' विचारतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला गावाचं नाव नको असतं, काम कुठवर आलंय ते हवं असतं. आपल्याच गावची गोष्ट घे. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत कारभार पाहिला तो महेश्वराहून. फौज तुकोजी होळकरांबरोबर लांबच्या मोहिमांवर, पेशव्यांचा दरबार पुण्यात. सगळं चालायचं ते पत्रांवर: काय झालं, काय अडलंय, काय पाठवा. तूही शिफ्ट संपवताना तेवढंच लिहीत जा. आज काय तपासलं, कोणता बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, कुणाकडे अडकलाय, उद्या पहिलं काम काय. पाच ओळी. महिनाभर अशी नोंद रोज वेळेवर गेली की तुझ्या गावाची चौकशी आपोआप कमी होईल. 'उद्या पहिलं काम काय' ही ओळ मॅनेजरपेक्षा तुझ्याच जास्त उपयोगाची आहे. नव्या गावात दिवसभर भटकून साडेसहाला टेबलावर बसल्यावर 'कुठून सुरू करू' यात तास जातो, तो वाचेल.

ॲपचं विचारलंस. तुझ्याकडे ऑफिसचं कॅलेंडर आहे, चॅट आहे, बग नोंदवायची यंत्रणा आहे. त्यात आणखी एक ॲप म्हणजे सांभाळायला आणखी एक पोर. कामं मात्र दोन ढिगांत वाटून ठेव. एकात नेट आणि माणसं लागणारी: मीटिंग, क्लायंटच्या सर्व्हरवरची टेस्टिंग. दुसऱ्यात एकट्याने बसून करायची: टेस्ट केस लिहिणं, रिपोर्ट नीट करणं. नव्या जागी पहिले दोन दिवस दुसरा ढीग जास्त घे. नेटने दगा दिला तरी हात रिकामे राहत नाहीत.

तुझ्या बेतातली गावं बघू. लेह कामाच्या यादीतून काढ आणि रजा टाकून जा. साडेतीन हजार मीटर उंचीवर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायला सांगतात, आणि त्या रात्री तू जागून टेस्टिंग करणार? शिवाय लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. स्पीतीचंही तेच, रजेचं गाव. तिथे जाऊन नेट शोधत बसायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचा तुझा समचा प्रयोग पुन्हा. मनाली जूनमध्ये ठीक, पण जुलैच्या पावसात डोंगरातला रस्ता तुझ्या वेळापत्रकाला विचारत नाही. २०२३च्या जुलैत कुल्लू-मनालीचा रस्ता ब्यासने ठिकठिकाणी वाहून नेला होता, माणसं दिवसेंदिवस अडकली होती. ऋषिकेशला जुलै-ऑगस्टमध्ये श्रावणातले कावडिये येतात, रस्ते बंद असतात, लाउडस्पीकर रात्रभर. गोव्याचा जुलै मला स्वतःला फार आवडतो, पण वादळी पावसात वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर असलेलंच घर बघ. माझं विचारशील तर जूनमध्ये डोंगर एक, जुलैत एखादं शहर. म्हैसूर बघ: हवा सौम्य, नेट चांगलं आणि तुझं बेंगळुरूचं ऑफिस तीन तासांवर. अधूनमधून तोंड दाखवून आलास तर मॅनेजरचा निम्मा राग तिथेच उतरेल. बनारस नंतर कधीतरी, थंडीत.

त्याआधी, याच मे महिन्यात, आठ दिवस महेश्वरला राहून ये. शंभर किलोमीटरच्या आत आहे, काही बिनसलं तर अडीच तासांत घरी. निमाडचं मे महिन्याचं ऊन सोसवत नाही, घाटाच्या पायऱ्यांवर दुपारी पाय ठेववत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच जा. उकाड्यात झोप लागते का, वीज किती वेळा जाते, रात्री दीडला तू जागा राहतोस की डुलक्या घेतोस, हे सगळं स्वस्तात कळेल. दुपारी मागावर माहेश्वरी साडी विणताना बघ, चारनंतर होडी करून नर्मदेतल्या बाणेश्वराच्या देवळात जा, सहाला टेबलावर. अमेरिकेच्या शिफ्टचा हाच तर फायदा, दिवस तुझा असतो. पण झोपेचे सात तास कापून तो मोठा करायला जाऊ नकोस. पहाटेचा सूर्योदय-ट्रेक वगैरे तुझ्यासाठी नाही. दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरच्या चुकीच्या आवृत्तीला ओके जातं.

थायलंड थोडक्यात. परदेशातून काम करायला कंपनीची लेखी परवानगी आधी, व्हिसा नंतर. टूरिस्ट म्हणून जाऊन गुपचूप काम करू नकोस. थायलंडने २०२४च्या जुलैपासून बाहेरच्या कंपन्यांचं काम तिथे बसून करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा सुरू केलाय. मुदत पाच वर्षं, एका वेळी १८० दिवस, पण पाच लाख बाट शिल्लक दाखवावी लागते. आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे उन्हाळ्यात तुझी शिफ्ट रात्री आठ ते पहाटे चार. हे चालणार असेल तरच पुढचा विचार.

राहिली आई. तिला तू घरी असतानाही काम करताना कधी दिसलेलाच नाहीस, कारण तू कामाला लागतोस तेव्हा ती जेवणाच्या तयारीत असते आणि तुझं काम संपतं तेव्हा झोपेत. तिला दिसतं ते साडेदहाला उठणारं पोर. शिफ्टच्या वेळा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लाव आणि एका रात्री तिला अकरापर्यंत शेजारी बसव, क्लायंट कसा बोलतो ते ऐकू दे. वाद घालून काही होणार नाही. महेश्वरला आई-बाबांना जरूर बोलाव, पण शनिवारी. बुधवारी आले तर बाबा संध्याकाळी सातला म्हणतील, 'आरती सुरू होतेय, पाच मिनिटं चल', आणि तू जाशील.